बेळगावचा कोरोनाकाळ: पत्रकं, फ्लेक्स, ऑनलाइन भजनं जपायची कशी?

शहापूर_वाचक (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

बेळगाव, शहापूर, वडगाव आणि आसपासच्या गावांत २०२० व २०२१ साली जे सांस्कृतिक कार्यक्रम झाले, आणि जे ठरवून रद्द करावे लागले, त्यांचं साहित्य आमच्या वाचनालयात गोळा होतंय. आजवर आलेलं असं: गणेशोत्सव मंडळांची पत्रकं, शिवजयंतीचे चित्ररथ निघणार नाहीत अशी निवेदनं, दोन मोठे फ्लेक्स, कोगनोळीच्या राज्यसीमेवरच्या नाक्यावर दाखवलेले पास आणि तपासणीचे अहवाल, वर्गणीच्या थर्मल कागदावरच्या पावत्या, कात्रणं, मंडळांचं नाव छापलेले मास्क. शिवाय एका पेन ड्राइव्हवर सातशेच्या आसपास व्हॉट्सॲप फोटो आणि ऑनलाइन भजन-व्याख्यानांची काही ध्वनिचित्रमुद्रणं.

मृगाचा पाऊस सुरू व्हायच्या आत जमेल तेवढं उरकायचं आहे. हातात एक साधा फ्लॅटबेड स्कॅनर, एक संगणक आणि तीन-चार माणसं. आधी कशाला हात घालावा? पावत्या-पास लॅमिनेट करून ठेवावेत असं काहींचं म्हणणं आहे, ते बरोबर का?

---

रद्दीतला_कागद

लॅमिनेशन अजिबात नको, आणि थर्मल पावत्यांना तर मुळीच नको. त्या कागदावर शाई नसते, उष्णतेने काळा पडणारा लेप असतो. लॅमिनेटरमधून काढलात की अख्खी पावती काळी होऊन बाहेर येईल. थंड चिकटपट्टीचं लॅमिनेशनही नको, कारण चिकटद्रव्याने अक्षर उडतं. पीव्हीसीच्या मऊ पिशव्यांतलं प्लास्टिसायझरही तेच करतं. दुकानात मिळणाऱ्या स्वस्त फाइलचे चकचकीत कप्पे बहुतेक याच जातीचे असतात. कप्पा घ्यायचाच तर पॉलिएस्टरचा घ्या, नाहीतर सरळ आम्लरहित कागदाचं पाकीट करा.

तेव्हा पहिला हात पावत्यांना. २०२० ची थर्मल पावती आज अर्धी उडालेली असणार. रंगीत मोडमध्ये ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, काळ्या-पांढऱ्या मोडमध्ये नको. फिकट करडं अक्षर रंगीत स्कॅनमध्ये राहतं आणि पुढे कॉन्ट्रास्ट वाढवून वाचता येतं. काळ्या-पांढऱ्यात ते कायमचं जातं. पत्रकं आणि कात्रणांना ४०० डीपीआय पुरे. जागेचा अंदाज हवा म्हणून सांगतो: ए-४ आकाराचं रंगीत टिफ ३०० ला साधारण २६ एमबी, ४०० ला ४६, ६०० ला १०४. मूळ प्रत टिफमध्ये ठेवा, लोकांना दाखवायला जेपीजी काढा.

कात्रणांचं दुखणं वेगळं. वृत्तपत्राच्या कागदात लिग्निन असतं, तो स्वतःच आम्ल सोडतो आणि शेजारच्या चांगल्या कागदालाही पिवळा करतो. म्हणून कात्रण पत्रकाला टाचून ठेवू नका. टाचण्या, स्टेपल, रबर बँड सगळं काढा. सेलोटेप लावलेली असेल तर ओढू नका, तशीच राहू द्या. आणि कात्रण कापण्याआधीच अंकाचं नाव, आवृत्ती, तारीख, पान क्रमांक पेन्सिलीने लिहा. बेळगाव आवृत्ती आणि कोल्हापूर आवृत्ती यांत एकच बातमी वेगळ्या मथळ्याने येते. आवृत्ती लिहिली नाही तर ते कात्रण पुढच्या अभ्यासकाला निम्म्या कामाचं.

आपल्याकडच्या पावसाळ्यात खरा शत्रू दमट हवा. कागद प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवले की आतला ओलावा आतच राहतो आणि श्रावणापर्यंत बुरशी धरते. पुठ्ठ्याची खोकी घ्या. ती भिंतीला टेकवू नका, जमिनीपासून वीतभर वर ठेवा. खोलीत साधा आर्द्रतामापक लावा. काटा ६५ टक्क्यांच्या वर राहू लागला की पंखा आणि सिलिका जेल. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येतं. बुरशी दिसलीच तर ओल्या फडक्याने पुसू नका, आत जिरते. तो कागद वेगळा काढा, सावलीत वाळू द्या, मग तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशने बाहेरच्या बाजूला झाडा. डांबराच्या गोळ्या कागदात ठेवू नका.

मास्कांचं इलॅस्टिक काही वर्षांत चिकट होतं आणि कागदाला डाग पाडतं, त्यांचं खोकं निराळं. एवढं पुरे.

---

ध्वनिमुद्रक

कागद थांबेल महिनाभर, डिजिटल थांबत नाही. माझ्या मते पहिला दिवस फेसबुक लाइव्हला द्या.

त्या दोन वर्षांत भजनं, कीर्तनं, व्याख्यानमाला, ऑनलाइन आरत्या बहुतेक फेसबुक लाइव्हवर झाल्या. १९ फेब्रुवारी २०२५ पासून फेसबुकने लाइव्ह व्हिडिओ ३० दिवसांनंतर ठेवणं बंद केलं आणि जुने टप्प्याटप्प्याने काढायला घेतले. पान चालवणाऱ्याला सूचना मिळून उतरवून घ्यायला ९० दिवस दिले जात. त्यामुळे प्रत्येक मंडळाच्या पानाच्या चालकाला गाठा आणि दोन गोष्टी विचारा: सूचना आली तेव्हा व्हिडिओ उतरवून घेतले का, आणि ज्या फोनवरून लाइव्ह केलं त्या फोनच्या गॅलरीत प्रत आहे का. पानावर सापडला नाही म्हणजे गेलाच असं धरू नका.

यूट्यूबवर असेल तर यूट्यूब स्टुडिओतून उतरवलेली प्रत जास्तीत जास्त ७२० पी मिळते. चॅनेलच्या मालकाने गूगल टेकआउटमधून (आपला डेटा उतरवून घ्यायची गूगलची सोय) मागावी, तिथे अधिक चांगली मिळण्याची शक्यता.

आता व्हॉट्सॲप फोटो. तुमच्या पेन ड्राइव्हवरचे सातशे फोटो मूळ फोटो नव्हेत. व्हॉट्सॲप पाठवताना फोटो लहान करतं आणि कॅमेऱ्याने नोंदलेली वेळ, ठिकाण काढून टाकतं. फाइलच्या नावात आठ आकडी तारीख दिसते, पण ती त्या फोनवर फोटो आल्याची किंवा पाठवल्याची तारीख असते, काढल्याची नाही. २०२० च्या गणेश चतुर्थीचा (२२ ऑगस्ट) फोटो अनंत चतुर्दशीला (१ सप्टेंबर) कोणी पुढे पाठवला असेल, तर नाव १ सप्टेंबरचं दाखवेल. ज्याने फोटो काढला त्याच्याकडून मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. तसं पाठवलं की आकारही राहतो आणि आतली माहितीही. मूळ मिळालाच नाही तर व्हॉट्सॲपची प्रत ठेवा, पण नोंदीत तसं स्पष्ट लिहा.

ग्रुपमधला संवाद हवा असेल तर 'एक्स्पोर्ट चॅट' वापरा. माध्यमांसह शेवटचे १०,००० आणि माध्यमांशिवाय ४०,००० संदेशच मिळतात. मंडळाचा ग्रुप आजही चालू असेल तर २०२० पर्यंत पोचायला पहिला पर्याय पुरणार नाही, दोन्ही काढा.

ऑनलाइन भजनांबद्दल एक महत्त्वाचं. झूमवरच्या मुद्रणात तंबोरा गायब, झांजा तुटक, तबला मध्येच बुडालेला ऐकू येतो. सतत चालणारा सूर हा पंख्याच्या आवाजासारखा गोंगाट समजून ॲप दाबतं, म्हणून तसं होतं. ते वाजवणाऱ्याचं अपयश नव्हे, आणि आज सॉफ्टवेअरने 'दुरुस्त' करायच्या मागे लागू नका. त्या काळी ते तसंच ऐकलं गेलं, तोच दस्तऐवज आहे. दुसरं असं की चार घरांतले चार जण एका चौकटीत एकत्र गाताना दिसतात ते थेट नसतं. इंटरनेटच्या विलंबाने ताल जुळत नाही, म्हणून एकाने आधी ठेका आणि पेटी मुद्रित करून पाठवायची, बाकीच्यांनी कानात ती ऐकत आपापला भाग मुद्रित करायचा आणि मग कोणीतरी जोडायचं. अशा व्हिडिओच्या नोंदीत 'स्वतंत्र मुद्रण, नंतर जोड' असं लिहा, आणि जोडणाऱ्याकडे सुटे भाग मागा. सुट्या भागांतच खरी गंमत असते: मागून कुकरची शिट्टी, मध्येच चुकलेली ओळ, 'परत घेतो' म्हणणं. माझ्या लेखी जोडलेल्या व्हिडिओपेक्षा ते मोलाचं.

साठवण: तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. पेन ड्राइव्ह ने-आण करायला ठीक, ठेव म्हणून नको. दोन हार्ड डिस्क घ्या, वेगवेगळ्या कंपनीच्या. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस, मग गाव, मग प्रकार, मग क्रमांक, असं रोमन अक्षरांत आणि मोकळ्या जागा न सोडता. देवनागरी नावं झिप करताना कधीकधी बिघडतात. मराठी वर्णन तक्त्यात लिहा.

---

अक्षरजुळणी

फ्लेक्सबद्दल. घडी घालू नका, घडीवर शाई तडकते. चार-सहा इंच व्यासाच्या पाइपवर, छापलेली बाजू बाहेर ठेवून गुंडाळा, मध्ये स्वच्छ सुती कापड. वीस फुटी फ्लेक्स सांभाळण्याइतकी जागा नसेल तर चांगला फोटो घ्या. ढगाळ सकाळी, फ्लॅश न लावता, फ्लेक्सच्या मधोमध उंचीवर कॅमेरा धरून, थोडं लांब जाऊन झूम करून. जवळून घेतला तर कडा वाकतात. चौकटीत मोजपट्टी दिसू द्या.

त्याहून चांगलं म्हणजे छपाईवाल्याकडून कोरलची (फ्लेक्सची रचना ज्या सॉफ्टवेअरात करतात त्याची) फाइल मागा. पण ती जशीच्या तशी घेऊन घरी आलात तर मराठी मजकुराच्या जागी अगम्य चिन्हं दिसतील, कारण श्रीलिपीसारखे जुने फाँट युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखी दिसणारी अक्षरपद्धत) नव्हेत. त्यांच्याच संगणकावर मजकूर 'कर्व्ह्ज'मध्ये, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकारांत, बदलून पीडीएफ काढून घ्या, आणि न बदललेली मूळ फाइलही घ्या. पहिली दिसण्यासाठी, दुसरी शोधण्यासाठी. मजकूर युनिकोडमध्ये टंकून तक्त्यात घाला.

जिल्हा प्रशासनाचे आदेश कन्नडमध्ये आहेत. ते वगळू नका. शेजारी चार ओळींचा मराठी सारांश जोडा. ऑगस्ट २०२० मध्ये सार्वजनिक गणपतीवर आधी बंदी आणि मग सवलत, असं झालं. सार्वजनिक मूर्ती चार फुटांपर्यंत, घरची दोन फुटांपर्यंत. त्यामुळे एकाच मंडळाची दोन परस्परविरोधी पत्रकं सापडतील. दोन्ही ठेवा, आणि कुठलं कुठल्या आदेशानंतरचं ते लिहा.

---

शहापूर_वाचक

फार उपयोग झाला, आभार. पावत्यांचं काम उद्याच सुरू. दोन शंका. एका व्याख्यानमालेच्या संगणकावर झूमच्या फोल्डरात व्हिडिओ नाही, नुसत्या 'डबल क्लिक टू कन्व्हर्ट' नावाच्या फाइली आहेत. त्यांचं काही होतं का? आणि प्रदर्शनात प्लेगच्या साथीचा एक फलक लावायचा विचार आहे, तेव्हाचं बेळगाव आणि आताचं असा. कागद कुठे शोधावेत?

---

ध्वनिमुद्रक

होतं. मीटिंग संपल्यावर व्हिडिओ तयार होण्याआधी संगणक बंद केला की असं राहतं. अख्खं फोल्डर आधी दुसरीकडे कॉपी करा, नावं बदलू नका, एकही फाइल वगळू नका. मग झूम बसवलेल्या संगणकावर त्या फाइलीवर डबल क्लिक. दोन तासांच्या कार्यक्रमाला बराच वेळ लागतो, मध्ये बंद करू नका. डिस्कवर मोकळी जागा भरपूर हवी. त्याच फोल्डरात आवाजाची वेगळी फाइल आणि चॅटची साधी मजकूर फाइल असते. चॅट जपा, श्रोते कोणत्या गावांतून जोडले गेले ते तिथेच कळतं. फोनवरून यजमान झालेल्यांकडे हे फोल्डर नसेल, कारण फोनवर असं मुद्रण होत नाही. तिथे कोणी स्क्रीन रेकॉर्ड केलं होतं का ते विचारा.

---

मोडीवाला

प्लेगचा फलक लावा, पण एक घोटाळा टाळा. 'बेळगाव' म्हणून एकच नगर तेव्हा नव्हतं. शहराची नगरपालिका, लष्कराचा कॅम्प, आणि शहापूर. शहापूर तर सांगली संस्थानात होतं. इंग्रजी हद्दीतल्या प्लेगची माहिती मुंबई सरकारच्या जनरल डिपार्टमेंटच्या फायलींत, म्हणजे मुंबईच्या पुराभिलेखागारात शोधावी लागते. शहापूरची सांगली संस्थानाच्या दप्तरात. चालत पंधरा मिनिटांच्या अंतरावरच्या दोन गल्ल्यांचे कागद दोन वेगळ्या राज्यांचे आहेत. फलकावर हाच नकाशा काढला तर लोकांना कोगनोळीचा नाका आणि शिनोळीची राज्यहद्द आपोआप आठवेल.

जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर चाळाल, तर ते १८८४ चं आहे, त्यात ही साथ सापडणार नाही. मुंबईत प्लेग १८९६ ला आला, साथरोग कायदा १८९७ चा. तोच कायदा २०२० मध्ये पुन्हा वापरला गेला, हे फलकावर जरूर यावं. शेजारच्या हुबळीत १८९८ साली प्लेगची लस मोठ्या प्रमाणावर टोचली गेली, तोही धागा जवळचा आहे.

आणखी एक. 'टिळकांनी बेळगावात गणपती बसवला तो प्लेगच्या दिवसांत लोकांना धीर द्यायला' असं कोणी लिहून देईल. ते घेऊ नका. झेंडा चौकातला गणपती १९०५ चा, पुण्यातला रँडचा (तिथला प्लेग अधिकारी) प्लेग १८९७ चा. मधली आठ वर्षं एका वाक्यात गिळू नयेत.

तारखा देताना तिथीही द्या. आपल्याकडची शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेची, म्हणजे २०२० ला २५ एप्रिल आणि २०२१ ला १३ मे. दोन्ही वर्षं टाळेबंदीत सापडली. देशभरची टाळेबंदी २५ मार्च २०२० ला लागली त्या दिवशी गुढीपाडवा होता, शके १९४२ चा पहिला दिवस. आणि २०२१ मध्ये कर्नाटकातले बरेच जिल्हे १४ जूनला थोडे मोकळे झाले तेव्हा बेळगाव २१ जूनपर्यंत बंदच्या यादीत होतं. राज्याच्या तारखा शहराला लावू नका.

---

गल्लीतली_गोष्ट

पास आणि अहवालांबद्दल कोणी बोललं नाही. त्यांवर नाव, वय, फोन, नमुन्याचा क्रमांक असतो. प्रदर्शनात मूळ कागद ठेवू नका. स्कॅनची प्रत काढून त्या चौकटी काळ्या करा आणि ती छापून लावा. पीडीएफवर नुसती काळी पट्टी ठेवून फाइल वाटलीत तर खालचा मजकूर निवडून कॉपी करता येतो. आधी चित्र करा, मग काळं करा. देणाऱ्याची लेखी संमती घ्या, आणि ती तीन पर्यायांची असू द्या: आत्ता दाखवा, नाव झाकून दाखवा, दहा वर्षांनी उघडा.

कागदाच्या बरोबरीने माणसंही गाठा. मूर्तिकार, मंडपवाले, झांजपथकं, बँडवाले, हलते देखावे करणारे. यांची पत्रकं नसतात, त्यांचं काम थांबल्याचा कागद कुठेच निघाला नाही. फोन विमान मोडवर, पंखा बंद, तोंडापासून वीतभर अंतर, वेव्ह स्वरूपात मुद्रण, सुरुवातीला नाव-गाव-तारीख बोलून घ्यायची आणि शेवटी अर्धा मिनिट कोणी न बोलता खोलीचा आवाज. 'कसं वाटलं' विचारू नका. 'त्या वर्षी किती फुटी साचे तयार होते आणि त्यांचं काय केलंत' असं विचारा. उतरवून घेताना बेळगावी बोली पुस्तकी करू नका, 'करायलासा' म्हणाले तर तेच लिहा. मूर्तिकारांकडे मात्र नागपंचमीच्या आत जा. एकदा रंगकाम सुरू झालं की त्यांना बोलायला सवड नसते.