अनुभव धागा: गर्द सुटल्यावर रोज घ्यायची ती गोळी

शिमग्याला गावी गेले तर पालखीसमोरच एका काकूंनी विचारलं, "भाऊ अजून गोळी घेतो ना गो, मग सुटलं काय?" तो १४ महिने ब्युप्रेनॉर्फिनवर आहे, म्हणजे गर्दची तलफ आवरणाऱ्या त्या गोळीवर, मार्केटात कामाला जातो, घरातली भांडी विकत नाही, पण त्या क्षणी मला काही बोलताच आलं नाही. तुमच्याकडे कुणी घेत असेल तर लिहा, नाव नको.

खाडीपलीकडचा
मी ट्रॉलरवर होतो, गर्द ओढायचो. मित्राची गोळी ढापली आणि शेवटच्या पुडीनंतर चारेक तासांतच जिभेखाली ठेवली. आईशप्पथ, अर्ध्या तासात अशी टर्की (नशा तुटल्यावरचा त्रास) लागली की उलट्या, जुलाब, पायात गोळे, वाटलं गोळीतच विष आहे. नंतर डॉक्टरने सांगितलं की गर्द मेंदूत जिथे चिकटतो तिथेच ही बसते, त्याला हुसकावते, पण स्वतः अर्धवटच काम करते. म्हणून टर्की नीट सुरू झाल्यावरच, गर्दवाल्याला साधारण १२ ते २४ तासांनी, पहिला डोस. पुढच्या वेळी तसं केलं, संध्याकाळी पेज खाल्ली. किती दिवसांनी!

मालवणची आई
आमचा गोळी चहाबरोबर गिळायचा आणि म्हणायचा, काय उपयोग नाय. ती पोटात गेली की फुकट, पाच-दहा मिनिटं जिभेखालीच विरघळू द्यायची. व्यसनमुक्ती सेंटरात सिस्टर समोर बसवते. घरी आजी ओरडायची, "तोंडात काय धरलंस रे, बोल मां!"

ट्रामाडॉलवाला
माझं वेगळं, ट्रामाडॉल ही दुखण्यावरची गोळी, कंबरेसाठी सुरू झालेली. मला नालट्रेक्सोन दिलं, ते नशा चढूच देत नाही, पण आधी ७ ते १० दिवस पूर्ण कोरडं राहावं लागतं. ते दिवस ज्याला जमतात त्याला ठीक, सगळ्यांना नाही जमत, उगाच कुणाला कमी लेखू नका.

अनामिक
माझ्या चुलतभावाला घरच्यांनीच गोळी सोडायला लावली, "आता बरा झालास की". तीन महिने कोरडा. मग एकदाच, जुन्या मापाने. शरीराची सवय गेलेली असते, तेवढं झेपत नाही, श्वास थांबतो. एवढंच लिहिते.

चाकरमानी
काकूंना विचारा, बीपीची गोळी रोज घेणाऱ्याला कोणी गर्दुल्ला म्हणतं काय. बरं माझा प्रश्न, गणपतीत मुंबईहून दहा दिवस येतोय, गोळ्या सोबत मिळतात का?

खाडीपलीकडचा
सेंटरवाले पेशंट बघून ठरवतात, पंधरा दिवस आधीच विचार, एसटीत बसल्यावर नको. आणि भजनानंतरची बाटली आणि झोपेची गोळी दोन्ही टाळ, या गोळीबरोबर श्वास मंदावतो. अडलं तर व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६, टोल फ्री आहे.

चाकरमानी
बाटलीचं घरच्यांना काय सांगू पण?

मालवणची आई
पित्त झालंय म्हणायचं. आमचो दोन वर्षां तेंच सांगता.