मदत हवी आहे: हॉटेलच्या किचनचा डक्ट आतून साफ करणारा माणूस पारखायचा कसा? (ठाणे)

नमस्कार मंडळी.

पाचपाखाडीत आमची मालवणी खानावळ आहे, मी आणि धाकटे दीर मिळून चालवतो. ३२ खुर्च्या. इमारत जुनी, तळमजल्यावर आम्ही, वर चार मजले राहती घरं. हूडपासून (शेगड्यांवरचं धूर ओढणारं छत्र) निघालेला पत्र्याचा डक्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारं नळकांडं, फॉल्स सीलिंगमधून साधारण १४ फूट आडवा जातो, मागच्या भिंतीतून बाहेर पडतो आणि मग सरळ गच्चीपर्यंत. धूर ओढणारा पंखा, म्हणजे ब्लोअर, गच्चीवर.

गेल्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या. हातात ताट, ताटात वाळत घातलेल्या कुरडया आणि कुरडयांवर काळे चिकट ठिपके. बोलल्या काहीच नाहीत. ताट गल्ल्यावर ठेवलं आणि गेल्या. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बाहेरच्या डक्टच्या सांध्यातून तेल ठिबकत होतं, ते वाऱ्याने त्यांच्या खिडकीत.

आता खरी गोष्ट. हा डक्ट दोनच महिन्यांपूर्वी ‘साफ’ करून घेतला होता. कोणाकडून ते लिहीत नाही. रात्री बाराला दोन मुलं आली, पहाटे चारला गेली. सकाळी हूड आरशासारखा, फिल्टर लखलखीत, व्हॉट्सॅपवर आधीचे-नंतरचे फोटो आणि शिक्का मारलेलं सर्टिफिकेट. मी खूश. कुरडया प्रकरणानंतर पुतण्याला गच्चीवर पाठवलं. ब्लोअर आणि डक्ट यांच्यामधला कॅनव्हासचा पट्टा सोडवून त्याने टॉर्च लावलेला मोबाईल आत घातला. आत आटलेल्या काकवीसारखा थर, बोट रुतेल एवढा. मग ते फोटो परत उघडून बघितले. ३४ फोटो, सगळे हूडचे आणि फिल्टरचे. डक्टच्या पोटातला एकही नाही. मी फोटो मोजले होते, बघितले नव्हते.

आमच्याकडे दिवसभर तळण: वडे, सुरमई, बोंबील. तव्यावर कधीतरी भडका उठतोच. ती ज्वाळा फिल्टर ओलांडून गेली तर पुढे चार मजले उंच, तेलाने माखलेलं नळकांडं आणि वरून ओढणारा ब्लोअर. जानेवारी-जुलैचा फॉर्म बी (आगीपासून बचावाची यंत्रणा ठीक असल्याचा दाखला) आम्ही न चुकता घेतो, पण त्या तपासणीत सिलिंडर, होज, अलार्म बघितले गेले. डक्टच्या आत कोणी डोकावलं नाही.

तीन कोटेशन्स आलीत. अ: ६,५०० रुपये, जागा न बघता फोनवरच. ब: १९,०००, ‘हाय प्रेशर जेट’ने धुऊन देणार. क: ३१,०००, हा येऊन शिडीवर चढला, टाइल सरकवून बघितलं आणि म्हणाला, आडव्या डक्टला एकही झाकण नाही, आधी पत्रा कापून झाकणं बसवावी लागतील, त्याचे पैसे वेगळे. दीर म्हणतात क लुटायला बसलाय. मला वाटतं तिघांत तोच एक खरं बोलतोय. पण मागच्या वेळी मला सर्टिफिकेटही खरंच वाटलं होतं.

काय विचारलं म्हणजे खोट उघडी पडेल? किती महिन्यांनी करायचं? आणि पैसे कधी द्यायचे?

खाडीकाठचा
आधी काकूंकडे एक पापलेट थाळी पाठवा.

धागाकर्ती
काकू शाकाहारी आहेत हो. पुरणपोळ्या पाठवल्या, डबा धुऊन परत आला, आत काही नाही. म्हणजे अजून राग आहे.

पत्रेवाला वागळे
ताई, मी डक्ट बनवतो, साफ करत नाही, त्यामुळे माझा यात धंदा नाही. क बरोबर बोलतोय. झाकण नाही तिथे हात पोचत नाही, आणि हात पोचत नाही तिथे सफाई होत नाही. अमेरिकेच्या एनएफपीए ९६ मध्ये (व्यावसायिक किचनच्या अग्निसुरक्षेचा दंडक) आडव्या डक्टला दर १२ फुटांवर, प्रत्येक वळणावर आणि उभ्या डक्टला प्रत्येक मजल्यावर झाकण सांगितलंय. आपल्याकडे जुन्या इमारतींत कोणी ठेवलेलंच नसतं. फक्त झाकण बाजूच्या पत्र्याला कापायला सांगा, तळाला नको. तळाला कापलं की सगळं तेल तिथूनच गळणार. पत्रा डक्टच्याच जाडीचा हवा, गास्केट (झाकणाखालची सील करणारी पट्टी) उष्णता सोसणारं.

ब ला एकच विचारा, जेटचं पाणी जाणार कुठे? तुमचा डक्ट जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा), तुकडे फ्लँजने, म्हणजे दुमडलेल्या कडा एकमेकींना बोल्टने आवळून, जोडलेले असणार. तो पाण्यासाठी नसतो. सांध्यांतून काळं पाणी फॉल्स सीलिंगवर, तिथून वायरिंगवर. पूर्ण वेल्ड केलेला, उतार आणि ड्रेन असलेला डक्ट असेल तर जेट चालतो. तुमच्याकडे खरवडणं, मग केमिकल लावून पुसणं. कंटाळवाणं काम आहे, म्हणून महाग.

आणि सफाईनंतरही सांधा ठिबकला तर तो माझ्यासारख्या माणसाकडून सील करून घ्या. सफाईवाल्याशी भांडू नका.

महापे कॅन्टीन
आमचं कारखान्याचं कॅन्टीन आहे, दोनदा फसून शहाणी झाले. थर किती ते डोळ्यांनी ठरवू नका. कंगव्यासारखी छोटी गेज मिळते, ती चिकट्यात ओढली की जाडी कळते. ब्रिटनमध्ये टीआर१९ ग्रीस म्हणून दंडक आहे, त्यात डक्टमधली सरासरी २०० मायक्रॉनला पोचली, म्हणजे ०.२ मिमी, की सफाई करायची, आणि सफाईनंतर ५० च्या आत हवी. तुमचं बोट रुतत असेल तर हिशेब तुम्हीच करा. ज्याला कोटेशन देताना ही गेज माहीतच नाही, त्याला चहा पाजून परत पाठवा.

किती महिन्यांनी, तर तिकडचाच तासांचा एक जुना ठोकताळा आहे. रोज १२ ते १६ तास किचन चालत असेल तर ३ महिने, ६ ते १२ तासांना ६ महिने, २ ते ६ तासांना वर्ष. तुमचं तळण जास्त, मी तरी चौथ्या महिन्यात झाकण उघडून बघेन.

वर्क ऑर्डरमध्ये लिहून घ्या: प्रत्येक झाकणातून आतला फोटो, आधी आणि नंतर, त्याच जागेवरून. ब्लोअरची पाती आणि केसिंगसुद्धा. जिथे पोचता आलं नाही ते रिपोर्टमध्ये तसंच लिहायचं. आमच्या आताच्या माणसाने पहिल्याच रिपोर्टमध्ये ‘दुसऱ्या वळणापलीकडे पोचलो नाही’ असं लिहिलं, तेव्हाच मी त्याला वर्षाचं काम दिलं. निम्मे पैसे तुम्ही स्वतः टॉर्च मारल्यानंतर.

केमिकल कोणतं तेही विचारा. आमचे ॲल्युमिनियमचे फिल्टर एकाने कॉस्टिक सोड्यात बुडवले, काळे पडून सच्छिद्र झाले. स्टीलचे असतील तर धोका कमी. काम चालू असताना ब्लोअरचा मेन बंद आणि किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात. मुलांचा विमा आहे का, तेही. गच्चीवर चढणार तुमच्यासाठी, पडला तर पोलीस तुमच्याकडे येतील.

फिल्टर मात्र तुमच्याच पोरांनी दर आठवड्याला गरम पाण्यात धुवायचे. त्यासाठी एजन्सी कशाला!

पत्रेवाला वागळे
एक राहिलं. कोळशाचं काही आहे का हूडखाली?

धागाकर्ती
आहे. दीरांनी गेल्या पावसाळ्यात तंदूर आणला. त्याच हूडखाली, कोपऱ्यात.

पत्रेवाला वागळे
मग सफाईच्या आधी तो हलवा. कोळशाची ठिणगी आणि तेलाचा डक्ट एकत्र नको. त्याला वेगळा डक्टच लागतो. नाहीतर गॅसचा घ्या.

धागाकर्ती
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आज तिघांनाही फोन केला. अ म्हणाला, “मॅडम, सगळे हूडपर्यंतच करतात.” प्रामाणिक निघाला बिचारा. ब ने पाण्याच्या प्रश्नावर ‘सायबांना विचारून सांगतो’ म्हणून फोन ठेवला, संध्याकाळपर्यंत आला नाही. क ला गेजचं विचारलं तर तो म्हणाला, आहे, पण तुमच्या थराला पट्टीच लागेल. रिपोर्टच्या अटी मान्य, झाकणं बाजूला कापायचीही मान्य, निम्मे पैसे नंतर यावर मात्र कुरकुरला. शेवटी साठ टक्के आधी, चाळीस टक्के नंतर यावर ठरलं.

सोमवारी आमची सुट्टी, तेव्हा झाकणं कापायला घेतोय. वागळेदादा, सांधे सील करायला तुम्ही याल का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. तंदूर आजपासून बंद, वर ताडपत्री टाकलीय. दीर दुपारपासून माझ्याशी बोलत नाहीयेत.