शब्दचर्चा : मानेचा 'उलटा बाक', 'आनुवंशिक' आणि 'वजन लावणे'

उत्तरेश्वरकर
पालकांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करतोय. जनुकीय आजार असलेल्या मुलांच्या मानेच्या मणक्यांना बाक का येतो, ऑपरेशन कधी आणि कसं करतात, एवढाच विषय. वाचणारे कागल, गडहिंग्लज, शाहूवाडीकडचे. कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी दवाखान्याच्या ओपीडीबाहेर बाकड्यावर बसून वाचतील असं धरा. हातात आलेल्या मसुद्याचं शीर्षक बघा : 'आनुवंशिक विकारग्रस्त बालकांतील ग्रैव कुब्जता विकृतीचे शल्योपचार'. कोशाप्रमाणं सगळं बरोबर असेल, पण बाकड्यावरचा माणूस दुसऱ्या शब्दापुढं जाणार नाही.

'सर्व्हायकल' (मानेचा) हा शब्द मी आधीच काढलाय. आपल्याकडं 'मला सर्व्हायकल आहे' म्हणजे मानेची झीज, आणि 'सर्व्हायकल कॅन्सर' म्हणजे गर्भाशयाच्या मुखाचा. अडलोय ते कुब्जता, आनुवंशिक आणि मणके जोडण्याच्या ऑपरेशनाला काय म्हणायचं, इथं.

मास्तर_गारगोटी
आधी 'विकृती' काढा. शास्त्रात चालत असेल, पण गावात विकृत माणूस म्हणजे कोण ते सांगायला नको. आईनं आपल्या लेकराबद्दल तो शब्द का वाचावा?

कुब्जतेला घरगुती शब्द दोन, कुबड आणि पोक. कुबड म्हटलं की पाठ डोळ्यापुढं येते, मान नाही. पोक त्याहून वाईट. 'पोक काढून बसू नको' हे आपण पोरांना उठताबसता सांगतो. म्हणजे पोक ही सवय झाली, आणि सवय मोडायची असते. मग पोराला दटावून ताठ बसवतात, पट्टा बांधतात, आणि त्यात वर्ष निघून जातं. 'बाक' बरा. झाडालाही येतो, त्यात पोराचा दोष दिसत नाही.

फिजिओ_ताई
मास्तर, बाकाला माझंही मत, फक्त मागं 'उलटा' लावा. निरोगी मानेला बाक असतोच, मागच्या बाजूनं खोलगट. या मुलांत तो उलटतो, मागं फुगवटा येतो आणि हनुवटी छातीकडं झुकते. लार्सन सिंड्रोममध्ये मानेच्या मधल्या मणक्यांची पुढची बाजू नीट वाढलेलीच नसते. न्यूरोफायब्रोमॅटोसिस या मज्जातंतूंवर गाठी येणाऱ्या आजारात हाड कुरतडल्यासारखं बारीक होत जातं.

डाऊन आणि मॉर्कियो (हाडांची वाढ बिघडवणारा आजार) सिंड्रोमला मात्र हा शब्द लावू नका. तिथं मुख्य धोका पहिला मणका दुसऱ्यावरून सरकण्याचा. डाऊनमध्ये हाडांना बांधून ठेवणारे बंध सैल असतात, मॉर्कियोत दुसऱ्या मणक्याचा वर आलेला खुंटा अपुरा वाढतो. तिथं सरळ 'मणका सरकणे'.

मसुद्यात 'मान कमकुवत असते' असं कुठं असेल तर तेही काढा. कोल्हापुरात कमकुवत मान म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं : तालमीत घाला, मान कमावून येईल! पैलवान कमावतो ते स्नायू. सैल बंध जोर मारून घट्ट होत नाहीत. मणका सरकणाऱ्या मुलाला कोलांटी, शीर्षासन, मानेवरचा पूल यातलं काहीही नको. न्हाव्याकडून कटकन मान मोडून घेणं तर अजिबात नको, हे ठळक अक्षरात छापा.

आणि 'मान धरणे' वापरणार असाल तर जपून. डॉक्टर विचारतात, बाळानं मान कधी धरली? त्यांना हवं असतं तीन-चार महिने हे उत्तर. आजी सांगते, थंडीत धरली होती, तेल चोळल्यावर सुटली.

उत्तरेश्वरकर
'कमकुवत' आहे मसुद्यात, दोनदा. 'मानेचे बंध सैल असतात' करतो. आनुवंशिकचं काय?

शिवाजीपेठ_जीवशास्त्र
जन्मजात, आनुवंशिक आणि जनुकीय हे तीन शब्द लोक एकाच अर्थानं फेकतात. जन्मजात म्हणजे जन्मताना असलेलं, कारण काहीही असो. आनुवंशिक म्हणजे आईबापांकडून आलेलं. जनुकीय म्हणजे जनुकात किंवा गुणसूत्रात बदल आहे, मग तो वारशानं आलेला असो वा त्या बाळातच नव्यानं झालेला.

डाऊनच्या साधारण ९५ टक्के मुलांत एकविसाव्या गुणसूत्राची एक पूर्ण जादा प्रत असते, आणि ती घराण्यातून चालत आलेली नसते. न्यूरोफायब्रोमॅटोसिसच्या पहिल्या प्रकारात जवळपास निम्म्या रुग्णांत बदल नवाच असतो. अशा घरात 'आनुवंशिक' छापलेला कागद गेला की सासू वाचते आणि सुनेच्या माहेराकडं बोट दाखवते. म्हणून शीर्षकात 'जनुकीय'.

पण सगळीकडं जनुकीय लिहून मोकळंही होऊ नका. मॉर्कियो खरोखरच आनुवंशिक आहे. आई आणि वडील दोघंही त्याच जनुकातल्या बदलाचे वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तो होण्याची २५ टक्के शक्यता. दोघांची तब्येत ठणठणीत असते, म्हणून कुणाला पटत नाही. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न अजून होतं, आणि एकाच आजोबांचा बदल दोन्हीकडून उतरण्याची शक्यता तिथं वाढते. हे पत्रकात नको असं कुणी म्हणेल. मी म्हणतो हवं, कारण पुढच्या बाळाआधी समुपदेशन त्यांनाच घ्यायचंय.

उद्यमनगर_लेथ
भावांनो, माझ्या पुतण्याचं हे ऑपरेशन झालंय, म्हणून लिवतोय. डॉक्टर म्हणाले, आधी डोक्याला वजन लावायचं. वहिनी ढसाढसा रडायला लागली. तिला वाटलं पोराच्या डोक्यावर वजन ठेवणार! आपल्याकडं पाय मोडला की 'पायाला वजन लावलंय' म्हणत्यात, ते ठाऊक होतं, पण डोक्याला म्हटल्यावर काय समजायचं? प्रत्यक्षात कवटीला गोल कडं बसवलं, त्याला दोरी, दोरी वरच्या कप्पीवरनं मागं, आणि तिकडं वजन. डोकं वर ओढलं जातंय, दाबलं जात नाही. आमचं पोरगं व्हीलचेअरवर ते कडं घेऊन वॉर्डभर फिरायचं.

मणके जोडण्याचंही तसंच. 'जोडायचे' म्हटल्यावर दादा विचारतोय, मोडले कधी?

फिजिओ_ताई
दादा, तुमचं 'डोकं वर ओढलं जातंय, दाबलं जात नाही' हे वाक्य जसंच्या तसं पत्रकात जायला हवं. 'डोकं हळूहळू वर ओढून बाक सैल करणे' असं लिहिता येईल. वजन रोज थोडं थोडं वाढवतात आणि प्रत्येक वेळी हातापायांची ताकद तपासतात. लहान मुलांची कवटी पातळ, म्हणून कड्याला पिना जास्त लावतात आणि प्रत्येक पीन कमी जोरानं आवळतात.

निवृत्त_भूलवाला
'जोडणे'ऐवजी 'एकसंध करणे' घ्या. उद्यमनगरवाल्यांना वेल्डिंग म्हटलं तर लगेच कळेल, फक्त इथं स्क्रू आणि सळ्या वेल्डिंग नव्हेत, त्या नुसत्या धरून ठेवतात. खरा सांधा कमरेच्या किंवा बरगडीच्या हाडाचे तुकडे मध्ये भरून जुळतो, आणि त्याला महिने लागतात. हाड जुळलं नाही तर स्क्रू कधीतरी सैल होणारच. पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या बाजूच्या भागात स्क्रू बसवून पट्टी लावण्याची पद्धत आपल्या मुंबईच्या अतुल गोयलांनी १९९४ साली मांडली. पुढं २००१ मध्ये जर्मनीच्या हार्म्सनी सळीची आवृत्ती आणली. आज ती जगभर दोघांच्या नावानं ओळखतात.

एकसंध केल्यावर काय जातं, तेही लिहा. मान वळवून 'नाही' म्हणण्याची जवळपास निम्मी हालचाल याच दोन मणक्यांत असते. ती जाते. रस्ता ओलांडताना पोराला खांद्यासकट वळावं लागेल, हे आधी सांगितलं की नंतर भांडण होत नाही.

माझा खरा राग 'नस दबली' या शब्दावर आहे. आपल्याकडं नस म्हणजे शीर, मज्जातंतू, स्नायूची दोरी, सगळंच. कंबरेची नस दबली, गोळी घेतली, बरं वाटलं, असा अनुभव घरोघरी. इथं दबतो तो मज्जारज्जू, म्हणजे मेंदूपासून मणक्यांच्या पोकळीतून खाली जाणारा मज्जातंतूंचा जाड दोर. तो दबला की शर्टाची बटणं लागत नाहीत, चालताना तोल जातो, चप्पल पायातून निसटते आणि कळतही नाही, पुढं लघवीवरचा ताबा सुटतो. त्याला 'नस' म्हणू नका. शब्द जड असला तरी मज्जारज्जूच ठेवा आणि एकदा समजावून सांगा.

भुलीचंही एक वाक्य टाका. अशा पोराची मान नेहमीसारखी मागं झुकवून श्वासनळीत नळी घालता येत नाही. मान आहे तशी ठेवून, बारीक दुर्बिणीतून बघत घालतात. त्यामुळं दात काढायचा असो की हर्निया, कुठल्याही ऑपरेशनाआधी मानेचं सांगायचं.

मास्तर_गारगोटी
'लवकर ऑपरेशन' कसं मांडणार? लोक म्हणतात, पोरगं मोठं झाल्यावर बघू.

फिजिओ_ताई
आजारानुसार मांडावं लागेल, मास्तर. डायास्ट्रॉफिक डिस्प्लेशिया या उंची खुंटवणाऱ्या हाडांच्या आजारात सौम्य बाक अनेकदा वाढीबरोबर आपोआप सरळ होतो, तिथं 'लक्ष ठेवणे' हेच बरोबर. लार्सनमध्ये उलट. मज्जारज्जू दबण्याआधीच, अगदी लहान वयात मागून मणके एकसंध केले, तर पुढची बाजू वाढत राहते आणि काही मुलांत बाक वाढीबरोबर कमी होतो. थांबलं तर पुढून आणि मागून, दोन्ही बाजूंनी मोठं ऑपरेशन. न्यूरोफायब्रोमॅटोसिसमध्ये हाडच कच्चं, त्यामुळं बऱ्याचदा दोन्ही बाजूंनी करावंच लागतं.

उत्तरेश्वरकर
शीर्षक असं करतोय : 'जनुकीय आजार असलेल्या मुलांच्या मानेचा उलटा बाक आणि सरकणारा मणका : ऑपरेशनाची माहिती'. लांब आहे, पण वाचता येतंय. आत 'एकसंध करणे', 'डोकं वर ओढणे', 'मज्जारज्जू'. आनुवंशिक फक्त मॉर्कियोच्या परिच्छेदात. ऑपरेशननंतरच्या कॉलरला मसुद्यात 'गळपट्टा' आहे, तो ठेवू का?

उद्यमनगर_लेथ
गळपट्टा कुत्र्याला असतोय. कॉलरच लिवा, सगळ्यांना कळतंय.