मध्यंतर, विराम, विश्रांती, दम: कुठे कोणता शब्द?

जत्रेतल्या तीन अंकी नाटकाची पत्रिका छापायला द्यायची आहे. मसुद्यात पहिल्या अंकानंतर 'विराम', दुसऱ्यानंतर 'मध्यांतर' आणि प्रवेशांच्या मधे 'विश्रांती' आहे. चालेल का?

— नाही चालणार. प्रेक्षक उठून चहाला जातो ते मध्यंतर. संस्कृत संधीने 'मध्यांतर' होतं, हिंदीत तेच रूढ. मराठीत 'मध्यंतर' रुळलंय. एका पत्रिकेत दोन्ही रूपं मात्र नकोत. दोन मध्यंतरं असतील तर 'पहिल्या अंकानंतर १० मिनिटांचं मध्यंतर' असं मिनिटांसकट लिहा. नाहीतर दुसऱ्या वेळी लोक नाटक संपलं समजून चपला शोधू लागतात. प्रवेशांच्या मधे काहीच छापू नका. तिथे नुसता काळोख करून सामान हलवतात. छापलंत तर लोक उठणार, आणि पुढच्या प्रवेशाची पहिली वाक्यं खुर्च्यांच्या आवाजात जाणार.

— विराम नटाचा. तो संहितेत, वाक्याच्या मधे, कंसात. पत्रिकेत त्याचं काम नाही.

— विश्रांती म्हणायचीच तर कीर्तनात म्हणा. पूर्वरंग संपला की बुवांना हार घालतात, बुक्का लावतात. श्रोते जागचे हलत नाहीत. मग उत्तररंग.

— तियात्रातली, म्हणजे गोव्याच्या कोंकणी नाटकातली, कांतारां (पडद्यांमधली गाणी) कुठे बसवाल? एक पडदा संपला की पुढे गाणं, मागे सेट बदलणं.

— ते मध्यंतर नव्हे, खेळ थांबतोच कुठे? संस्कृत नाटकातला विष्कंभक, म्हणजे अंकाला जोडणारा छोटा प्रवेश, हाही असाच फसवा. अंकांच्या मधे दिसतो म्हणून त्याला विसावा समजतात. पण रंगमंचावर न दाखवलेल्या घटना त्यातच कळतात. तो पहिल्या अंकाच्या आरंभीही येतो, त्याच्यासारखाच जोडप्रवेश असलेला प्रवेशक मात्र दोन अंकांच्या मधेच.

— तबल्यात एकच बोल तीनदा वाजवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतात ती तिहाई. तिच्या दोन पल्ल्यांमधली, म्हणजे दोन आवर्तनांमधली, मोकळी जागा म्हणजे 'दम'. सोळा मात्रांच्या तीनतालात समेवरून उठून पुढच्या समेवर यायचं तर दोन्ही समा धरून १७ मात्रा: ५+१+५+१+५. त्यातली प्रत्येक १ म्हणजे दम. दम काढून टाकला तर पल्ले १५ व्या मात्रेवरच संपतात आणि सम हुकते. तिहाई बेदम, म्हणजे दमाशिवाय, वाजवायची असेल तर तिसऱ्या मात्रेवरून उचला. मोजणी न बदलता दम वगळणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक.

— आणि 'इंटरव्हल'?

— माइकवरून सांगताना खुशाल म्हणा, मागच्या रांगेलाही कळतं. छापताना मध्यंतर.