इंग्लंडमधल्या जुन्या डिझेल गाड्यांत बसायचंय, कुठे जाऊ?

ऐरोलीकर: मे महिन्यात बहिणीकडे डर्बीला चाललोय, बाबा पण सोबत आहेत, त्यांना वाफेचं इंजिन नको, म्हणे आपल्या जुन्या दिवा-रोहा डेमूसारखी डिझेल गाडी दाखव 😄 जवळपास काही आहे का?

कळव्याचा_डबा: डर्बीला जाताय म्हणजे लॉटरीच की! एक्लेसबोर्न व्हॅली रेल्वे बघा, डफील्ड ते वर्क्सवर्थ, डफील्ड डर्बीच्या अगदी बाजूला. तिथे १९५०-६० च्या दशकातले डीएमयू आहेत, म्हणजे पुढे वेगळं इंजिन न जोडता स्वतःच चालणाऱ्या डिझेल गाड्या. बाबांना पहिल्या सीटवर बसवा, ड्रायव्हरच्या मागे काच असते, पडदा ओढलेला नसेल तर समोरचा रूळ सरळ दिसतो, आणि ड्रायव्हर चक्क गिअर बदलतो, आधी इंजिनाचा जोर कमी, मग लिव्हर पुढच्या खाचेत, मग परत जोर, तेवढ्यात गाडी क्षणभर गप्प होते आणि मग पायाखालून घरघर. इंजिनं डब्याच्या खालीच असतात ना. आपल्या डेमूत हे नाही, ती डिझेल-इलेक्ट्रिक, म्हणजे इंजिन वीज बनवतं आणि चाकं मोटर फिरवते.

ऐरोलीकर: गिअर?? एसटीसारखे??

कळव्याचा_डबा: हो, चार. पण क्लचचं पेडल नाही.

घणसोली_लोकल: अशीच एक डब्याची डिझेल गाडी, तिला बबल कार म्हणतात, ती तर तिकडे इंग्लंडमध्येच एल्सबरीच्या लाईनवर २०१७ पर्यंत रोजच्या पॅसेंजरांसाठी धावत होती, म्हातारी पण कामाला. जायच्या आधी एक्लेसबोर्नचं टाइमटेबल नक्की बघा, रोज गाड्या नसतात, आणि वाफेच्या दिवशी गेलात तर बाबा ओरडतील.

ऐरोलीकर: बाबा आत्ताच विचारतायत, खिडकी उघडते का 😅