द्वारकेला निघालेली जुनी वॅगन-आर आणि मीटरखोलीतील टायर

सचिव (बी-२०४), सकाळी ७.४०
सर्व सभासदांना नमस्कार. ए विंगसमोर गेल्या आठवड्यापासून एक जुनी गाडी पुढची चाके काढून विटांवर उभी आहे. त्यामुळे आज पाण्याच्या टँकरला वळता आले नाही आणि चालक अर्धाच टँकर रिकामा करून निघून गेला. मे महिन्यात जळगावात अर्ध्या टँकरची किंमत काय असते, हे मी सांगायला नको. नाव घेण्याची माझी इच्छा नाही, कारण ते सर्वांना ठाऊक आहे. याच निमित्ताने पुन्हा विचारतो की मीटरखोलीत जे बेवारस टायर पडून आहे, ते कोणाचे आहे?

नाना (ए-१०२), ७.५२
सचिवसाहेब, नाव घेतले असते तरी चालले असते. अधिक महिन्यात आम्ही उभयता द्वारका आणि सोमनाथ करून येणार आहोत, पहिला मुक्काम सुरतेत उधन्याला मुलीकडे आहे, हे गुढीपाडव्याच्या दिवशीच मी सर्वांना सांगितले होते. गाडी २००८ सालची असली तरी ती जेमतेम साठ हजार किलोमीटर चालली आहे आणि नेहमी सावलीत उभी असते. ब्रेक पॅड बदलले की काम संपले. मिस्त्री उद्या येतो म्हणाला आहे.

भाऊ (बी-१०१), ७.५५
नाना, धोंड्याच्या महिन्यात जावयाला आपल्या घरी बोलावून वाण द्यायचे असते. तुम्ही उलट त्याच्याच दारी निघाला आहात. अनारशांचा डबा तेवढा द्यायचा आहे, की गाडीही वाणात देऊन परत रेल्वेने येणार?

आप्पा (सी-३०१), ८.१०
नाना, एसटीच्या कार्यशाळेत हयात घालवलेला माणूस म्हणून सांगतो, राग मानू नका. साठ हजार किलोमीटर हा आकडा विकताना कामाला येतो, प्रवासाला निघताना नाही. लोखंड चालल्याने झिजते, पण रबर नुसते उभे राहूनही म्हातारे होते. रेडिएटरचे पाइप, फॅन बेल्ट, इंजिनाचा टायमिंग बेल्ट, चाकाजवळच्या ब्रेकच्या नळ्या आणि टायर या सर्वांना किलोमीटरबरोबर वर्षेही मोजावी लागतात. तुमच्या गाडीच्या त्या जुन्या इंजिनात झडपांची उघडझाप वेळेवर घडवायला टायमिंगची साखळी नाही, पट्टा आहे. तो शेवटचा कधी बदलला, हे आधी सांगा. लाखभर किलोमीटर झाले नाहीत म्हणून तो तसाच ठेवला असेल, तर भरूचच्या पुढे कोठेतरी तो तुटून इंजिन जागच्या जागी बंद पडेल आणि मग तुम्ही ढकला अगर आरती करा, ते सुरू होणार नाही.

नाना (ए-१०२), ८.१८
आप्पा, आपल्या अनुभवाविषयी आदरच आहे. परंतु एसटीच्या गाड्या रस्त्यात बंद पडलेल्या आम्हीही पाहिल्या आहेत.

आप्पा (सी-३०१), ८.२०
पाहिल्या असतील, पण त्या दुरुस्त करायला माणूस जात असे. तुमच्यामागे गुजरातेत तारापूर-वटामणच्या रस्त्यावर कोण येणार आहे, ते सांगा.

सचिव (बी-२०४), ८.२४
चर्चा उद्बोधक आहे. मीटरखोलीतील टायरविषयी अद्याप कोणी उत्तर दिलेले नाही.

दादा (डी-२०२), ८.३१
पेट्रोलचा मुद्दा राहिलाच. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्याला चालेल असे साहित्य एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांमध्ये वापरले जाते. २००८ च्या गाडीतील इंधनाची नळी आणि पंपाची रबरी सीले त्या हिशेबाने केलेली नाहीत. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या धाटणीच्या चारचाकींचे मायलेज सहा ते सात टक्क्यांनी घटेल असे म्हटले होते. नानांनी भाड्याची गाडी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आप्पा (सी-३०१), ८.३६
अहवाल वाचून गाडी चालत नाही. इंधनाची नळी बोटांनी दाबून पाहावी. ती कडक झाली असेल, भेगाळली असेल किंवा बॉनेट उघडताच पेट्रोलचा वास येत असेल, तर बदलावी. तिला भाड्याच्या गाडीइतके पैसे लागत नाहीत.

दादा (डी-२०२), ८.३८
आप्पा, मी वास घेऊ नका असे कोठे म्हटले? आपण प्रत्येक वेळी माझे बोलणे तोडता. वार्षिक सभेतही हेच झाले होते.

भाऊ (बी-१०१), ८.४०
वार्षिक सभेत लिफ्टचा विषय होता. लिफ्टही २००८ चीच आहे, तिलाही द्वारकेला पाठवावे काय?

काकू (ए-१०२), ९.०५
मी सहसा या ग्रुपवर लिहीत नाही. आमचे हे सांगणार नाहीत, म्हणून सांगते. मागच्या चैत्रात सप्तशृंगीला जाताना नांदुरीच्या चढावर गाडीचा काटा लाल रेघेला टेकला होता. दोन तास झाडाखाली बसलो आणि पिण्याच्या पाण्याच्या सगळ्या बाटल्या गाडीला पाजल्या. घरी आल्यावर एका मिस्त्रीने इंजिनातून एक वाटीएवढी वस्तू काढून यांच्या हातात दिली आणि आता गाडी कधीच तापणार नाही म्हणून सांगितले. ती वस्तू अजून माझ्या मसाल्याच्या कपाटात आहे.

आप्पा (सी-३०१), ९.०९
वहिनी, आपण लिहिलेत ते फार बरे केलेत. ती वस्तू म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिन थंड असते तोवर तो पाणी आतल्या आत फिरवतो आणि योग्य उष्णता आली की उघडून रेडिएटरकडे पाठवतो. तो बंद अवस्थेत अडकला तर गाडी तापते, म्हणून सरसकट काढून टाकण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. परंतु अडकलेला असेल तर नवा घालायचा असतो. नुसता काढला की इंजिन थंडच चालत राहते, पेट्रोल जास्त पिते आणि काही इंजिनांत पाणी रेडिएटर टाळून जवळच्या वाटेने फिरू लागते. शिवाय गाडी तापण्याचे खरे कारण तो नसेल, तर ते तसेच राहते. नाना, रेडिएटरमध्ये तुम्ही कोणते पाणी घालता?

नाना (ए-१०२), ९.१५
आपल्या बोअरचे. स्वच्छ असते.

आप्पा (सी-३०१), ९.१७
झाले! ज्या पाण्याने आपले गिझर दर दोन वर्षांनी बाद होतात आणि नळांवर पांढरी पुटे चढतात, ते पाणी तुम्ही रेडिएटरच्या काडीएवढ्या नळ्यांतून फिरवता आहात. आत क्षार बसले की नळ्या अरुंद होतात आणि बाहेरून रेडिएटर कितीही चकचकीत दिसला तरी उष्णता बाहेर पडत नाही. उद्या मिस्त्रीकडून रेडिएटर उतरवून साफ करून घ्या आणि कूलंट डबीवर सांगितलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड पाण्यात मिसळून भरा. झाकणही नवे घ्या, कारण त्यातील स्प्रिंग दाब धरून ठेवते आणि त्या दाबामुळेच पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. रबरी पाइप कोठे फुगला आहे का, हे हाताने चाचपा, आणि काटा चढला की पंखा आपोआप सुरू होतो की नाही, तेही पाहा. जळगावहून पाळधी, एरंडोल, पारोळा करीत धुळ्याला पोहोचेपर्यंतच ऊन पंचेचाळीस अंशांना भिडलेले असेल. पहाटे निघालात तर निम्मा त्रास वाचेल.

भाऊ (बी-१०१), ९.२१
आणि रस्त्यात काटा चढलाच तर? मसाल्याच्या कपाटात हात घालायचा काय?

आप्पा (सी-३०१), ९.२५
एसी बंद करायचा, काचा खाली करायच्या आणि हीटर पूर्ण सुरू करायचा. मे महिन्यात हीटर लावायला सांगतो म्हणून हसू नका, हीटर म्हणजे इंजिनाची उष्णता काढून घेणारा दुसरा लहान रेडिएटरच असतो. मग गाडी कडेला घ्यायची. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडायचे नाही. आमच्या कार्यशाळेत एका चालकाचा हात कोपरापर्यंत भाजलेला मी पाहिला आहे.

सचिव (बी-२०४), ९.३०
माहितीबद्दल आभार. तथापि मीटरखोलीतील टायर हा अग्निसुरक्षेचा प्रश्न आहे आणि मी तो तिसऱ्यांदा मांडत आहे.

ताई (डी-४०२), ९.४४
विम्याचे काम करते म्हणून कागदांकडे लक्ष वेधते. नोंदणीला पंधरा वर्षे पूर्ण झाली तेव्हा नानांनी नूतनीकरण केले होते, ते २०२८ पर्यंत चालेल. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना लागणारी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवल्याचेही मी पाहिले आहे. पण गाडीला सीएनजी किट बाहेरून बसवलेले आहे. त्याची नोंद आरसी बुकात आणि विम्याच्या पॉलिसीत आहे का? नसेल तर उद्या काही झाल्यास विमा कंपनी त्याच मुद्द्यावर अडून बसेल. दुसरे म्हणजे सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते आणि तिची तारीख असलेली पट्टी गाडीवर असावी लागते. ती नसेल तर पंपावर गॅस नाकारू शकतात, आणि दोनशे बारच्या आसपासच्या दाबाने भरलेली टाकी मागच्या सीटला खेटून घेऊन जाताना ही चाचणी आपल्याच जिवासाठी आहे.

नाना (ए-१०२), ९.५०
पट्टी आहे, परंतु तिच्यावरील अक्षरे पुसट झाली आहेत.

ताई (डी-४०२), ९.५२
म्हणजे ती आपल्यालाही वाचता येत नाही. टाकी उतरवून चाचणीला पाठवावी लागते, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी हे जमणार नाही, आजच फोन करा. आणि टाकीने डिकी भरली आहे, तर नानांची स्टेपनी कोठे आहे?

काकू (ए-१०२), ९.५८
मीटरखोलीत.

भाऊ (बी-१०१), ९.५८
सचिवसाहेब, आपला प्रश्न निकाली निघाला. पेढे आणावेत.

सचिव (बी-२०४), १०.०१
मला आनंद झालेला नाही. मी पावसाळ्यापासून विचारत होतो आणि नाना प्रत्येक वेळी माझा संदेश वाचत होते. निळ्या खुणा मला दिसत होत्या.

नाना (ए-१०२), १०.०४
आपण 'बेवारस' टायरविषयी विचारत होता. माझे टायर बेवारस नाही, म्हणून मी उत्तर दिले नाही. आणि ते कोरे आहे. गाडीबरोबर आले तेव्हापासून रस्त्याला लागलेले नाही, त्यावरील रबराचे केससुद्धा शाबूत आहेत.

ताई (डी-४०२), १०.२०
मी आताच खाली जाऊन मोबाइलच्या उजेडात पाहिले. केस आहेत, हे खरे. परंतु कडेला लंबगोल चौकटीत २२०८ असे चार आकडे आहेत. पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे, म्हणजे हे टायर २००८ सालच्या बाविसाव्या आठवड्यात तयार झाले. बाजूच्या भिंतीवर, रिमला लागून, केसाएवढ्या बारीक भेगांची जाळी उमटली आहे आणि अंगठ्याने दाबले की त्या उघडतात. त्यात हवा तर मुळीच नाही.

आप्पा (सी-३०१), १०.२६
टायर पाच-सहा वर्षांचे झाले की दरवर्षी तपासून घ्यावे आणि दहा वर्षांनंतर कोरे दिसले तरी वापरू नये, असे टायर बनवणारेच सांगतात. हे लावून तापलेल्या सिमेंटच्या रस्त्यावर ऐंशीने गेलात तर पंक्चर परवडले म्हणायची वेळ येईल. उरलेल्या चार टायरांचे आकडेही वाचा. हवा भरायची ती गाडी थंड असताना, दाराच्या खांबावरील पट्टीत भरलेल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्याइतकीच. दुपारी टायर गरम लागले म्हणून हवा सोडायची नाही. गार झाल्यावर ती कमी पडते, आणि कमी हवेचे टायरच जास्त तापून फुटते.

दादा (डी-२०२), १०.३०
म्हणूनच मी भाड्याची गाडी म्हणालो होतो. बेल्ट, रेडिएटर, थर्मोस्टॅट, एक ते पाच टायर आणि टाकीची चाचणी यांची बेरीज कोणी करून पाहिली आहे का?

काकू (ए-१०२), १०.३७
दादा, बेरीज मी केली आहे. भाड्याच्या गाडीत चालक असतो आणि त्याच्यासमोर यांना दर अर्ध्या तासाला गाडी थांबवता येत नाही. ओखा ते बेट द्वारका हा सुदर्शन सेतू २०२४ मध्ये झाल्यापासून बोटीची गर्दी टाळून थेट गाडीने जाता येते. तो पूल स्वतःच्या गाडीने ओलांडायचा, असे यांनी तेव्हाच मनात धरले आहे. हा खर्च मला मान्य आहे. तापलेल्या गाडीत पुन्हा बसणे मान्य नाही.

आप्पा (सी-३०१), १०.४१
वहिनींचा निर्णय मला पटला. आता ब्रेकचे सांगतो, कारण नानांनी नेमके तिथेच अर्धे काम धरले आहे. पॅड बदलाल, पण ब्रेक ऑइल जुनेच ठेवाल. ते हवेतील ओलावा शोषते, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचे असते. ओलावा शोषलेले ऑइल उतारावर तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल सरळ तळाला जाते. दहिवेल सोडले की कोंडाईबारीचा घाट विसरवाडीकडे उतरतो आणि तुमच्या पुढे-मागे मालाचे ट्रक असतात. घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेक अधूनमधून दाबा आणि पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रल करू नका. येताना तोच घाट चढायचा आहे, तेव्हा एसी बंद ठेवा, सीएनजीवर जोर कमी पडला तर पेट्रोलवर घ्या. बॅटरीच्या टोकांवरचे हिरवट-पांढरे पूट काढून घ्या आणि वायपरचे रबर बदला, कारण परतीला पाऊस गाठू शकतो.

नाना (ए-१०२), ११.०२
टायमिंग बेल्टचे बिल शोधले, सापडले नाही. बेल्ट, नवा थर्मोस्टॅट आणि ब्रेक ऑइल मिस्त्रीला कळवले आहे. रेडिएटरवाला दुपारनंतर येतो. टाकी परवा जाते. टायरांचे आकडे वाचले. मागची दोन २०१६ ची निघाली, म्हणून तीन नवी घेतो. यामुळे गाडी आणखी चार दिवस विटांवर राहील.

सचिव (बी-२०४), ११.०६
नाना, आपल्या यात्रेला माझ्या शुभेच्छाच आहेत. तरी गाडी विटांवर न ठेवता जॅक-स्टँडवर ठेवावी, कारण तिच्याखाली माणूस शिरणार आहे आणि वीट कधी फुटेल याचा नेम नसतो. स्टँड पंपखोलीत आहेत, मी स्वतः काढून देतो. टँकर सकाळी सहाला येतो. तेवढा वेळ गाडी झाडाकडे सरकवून घ्यावी, चार माणसे मी जमवतो.

आप्पा (सी-३०१), ११.१५
काम झाले की लगेच द्वारकेला निघू नका. आधी एक चाचणीची फेरी करा, तीही भरल्या गाडीने. रिकाम्या गाडीत काहीच कळत नाही. पद्मालयापर्यंत जाऊन या. चढही मिळतो, हमरस्ताही मिळतो. परत आल्यावर गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवा आणि सकाळी तेलाचा किंवा पाण्याचा थेंब कोठे पडला आहे ते पाहा. नव्या टायरांचे नटही पुन्हा एकदा आवळून घ्या.

भाऊ (बी-१०१), ११.१८
भरल्या गाडीसाठी वजन लागेल. मी आणि आप्पा मिळून दोन माणसांपेक्षा जास्तच भरू. येताना शेवभाजी नानांकडून.

नाना (ए-१०२), ११.२३
शेवभाजी मान्य आहे. आप्पा पुढे बसून काट्यावर नजर ठेवतील. सचिवसाहेब, मागे एक जागा शिल्लक आहे.

सचिव (बी-२०४), ११.४०
विचार करून कळवतो. ते टायर रविवारपर्यंत हलवावे.