विठोबाच्या पूजेला मुख्यमंत्री कशाला?

गिरणगावकर:
काल इथे एकाने लिहिलं की आषाढीची सरकारी महापूजा बंद करा, धर्मनिरपेक्ष राज्यात मुख्यमंत्र्याने सपत्नीक देवापुढे बसणं म्हणजे घटनेचा अपमान. वाचून डोकंच फिरलं, म्हणून लांबलचक लिहितोय. देऊळ आधी कोणाच्या ताब्यात होतं ते आठवा जरा. बडवे-उत्पातांच्या, म्हणजे पिढीजात पुजाऱ्यांच्या. १९४७ ला साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा कुठे दलितांना दार उघडलं. १९७३ ला सरकारने देवळाचा कारभार त्यांच्याकडून काढून घ्यायला पंढरपूरचा कायदा केला, बडवे कोर्टात भांडत राहिले ते थेट जानेवारी २०१४ पर्यंत, सुप्रीम कोर्टाने हक्क संपले म्हटल्यावर थांबले. म्हणजे सरकार आत शिरलं म्हणून देऊळ लोकांचं झालं, आणि आता हे म्हणणार सरकारने बाहेर व्हा! आणि पूजेला शेजारी रांगेतलंच एक वारकरी जोडपं असतं, तो मान दिसत नाही का तुम्हाला?

लोकल_८_१२:
काल लिहिणारा मीच. दादा, तुम्ही दोन गोष्टींची भेळ केलीत. हिशोब, रांग, संडास सरकारने बघावं, माझं काही म्हणणं नाही. पण कारभार बघणं वेगळं आणि राज्यातर्फे देवाला साकडं घालणं वेगळं. २०१८ ला मराठा आंदोलनामुळे फडणवीस पंढरपूरला गेले नाहीत, वर्षावर घरीच पूजा केली. काय बिघडलं? दरवर्षी तसंच करा की.

चहा_कमी_साखर:
हज सबसिडी चालू होती तेव्हा हे ज्ञान कुठे होतं?

लोकल_८_१२:
बंद झाली हो ती, २०१८ लाच. २०१२ ला सुप्रीम कोर्टाने १० वर्षांत संपवा सांगितलं होतं, त्याआधीच संपली. ती कॅसेट बदला आता.

चहा_कमी_साखर:
बरं, बदलली. सिद्धिविनायकाची समिती सरकार नेमतं, शिर्डीची नेमायचा अधिकारही कायद्याने सरकारचाच. फक्त आमचीच देवळं सापडतात का?

गिरणगावकर:
वक्फ बोर्डावर माणसं कोण नेमतं मग, तुमचे काका?

तिसरा_मजला:
तुमचं विठोबाचं चालू द्या, पण सरकार धर्मापुढे कसं वाकतं ते बघायला पंढरपूर कशाला, दादरचा कबुतरखाना बघा. हायकोर्टाने दाणे टाकू नका सांगितलं, पालिकेने वर ताडपत्री घातली, आणि ऑगस्ट २०२५ ला जमावाने ती फाडून दाणे टाकले. माझ्या सासूबाईंच्या खिडकीखाली रोज कबुतरं, आमच्याच बिल्डिंगमधले टाकायचे दाणे. त्यांना खोकला, आम्ही आपले आल्याचा काढा देत बसलो. शेवटी फुप्फुसाच्या डॉक्टरांनी विचारलं घरात कबुतरं येतात का. विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने फुप्फुस कडक होत जातं, ते परत मऊ होत नाही. आता घरात ऑक्सिजनचं मशीन आहे. आणि दाणे टाकणारे म्हणतात, आमचा धर्म आहे. मग आमच्या श्वासाचं काय?

खारी_बिस्कीट:
मी जैन, जन्म भुलेश्वरचा, मराठी तुमच्याइतकंच येतं. सासूबाईंचं वाईट वाटलं, खरंच. पण आमची जीवदया आली की लगेच आरोग्य आठवतं. मंडळांच्या स्पीकरला सरकार वर्षातले १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, ती कुठल्या आरोग्यात बसते? माझे सासरे हार्ट पेशंट आहेत, मिरवणुकीच्या रात्री त्यांना नणंदेकडे विरारला नेऊन ठेवतो. तक्रार केली तर आम्हीच बाहेरचे.

चहा_कमी_साखर:
बाहेरचे कोण केले? मासे खातो म्हणून मला या शहरात भाड्याने घर नाकारलंय, एजंटने तोंडावर सांगितलं, फॅमिली चांगली आहे पण किचनचा प्रॉब्लेम आहे. आजोबा गिरणीत होते माझे, इथे आमचा बोंबलाचा वास नको?

लोकल_८_१२:
त्यावर कायदा पण तुमच्या बाजूने नाही. अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या केसमध्ये २००५ ला सुप्रीम कोर्टाने फक्त पारशांनाच मेंबर करायचा नियम चालवून घेतला. तिथे कोणी ताडपत्री फाडली नाही.

खारी_बिस्कीट:
घर नाकारणं चूकच. माझ्या भावाच्या सोसायटीत पण करतात, मी भांडले आहे. पण त्याचं बिल माझ्या नावावर फाडू नका.

गिरणगावकर:
अहो धागा महापूजेचा होता!! कबुतरं, बोंबील, पारशी, काय चाललंय?

तिसरा_मजला:
दादा, सगळं एकच आहे. ज्याच्यामागे मतं त्याच्या देवाला सूट. त्या १५ दिवसांचं खारीताईंचं बरोबर आहे, नाइलाजाने म्हणते. मी पण मंडळाची वर्गणी देते आणि सासूबाईंची खोली मागच्या बाजूला आहे म्हणून गप्प बसते.

चहा_कमी_साखर:
वा, म्हणजे शेवटी दोष गणपतीचाच.

गिरणगावकर:
लोकल, तुमचं एवढं मान्य की विमान, ताफा, बंदोबस्त सगळं सरकारी खर्चाने नको. स्वतःच्या पैशाने एसटीने जाऊ दे मुख्यमंत्र्याला. पण पूजा होणार, पंढरपूरलाच होणार.

लोकल_८_१२:
एसटीने? मग करा हो, रोज करा. मी स्वतः तिकीट काढून देतो.